मासा किती लांबीचा धरावा?

बीड जिल्ह्यात उभे राहून समुद्राच्या मासळीविषयी बोलावयाचे म्हणजे दुष्काळी गावात पोहण्याचा वर्ग काढण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. परंतु आमच्याकडच्या कोणत्याही आठवडी बाजारात फेरी मारावी. मिरचीच्या ढिगापलीकडे गोणपाटावर सुके बोंबील आणि सुकट मांडलेली दिसेल. कारखान्याच्या फडावर निघालेल्या ऊसतोड बिऱ्हाडाच्या गाठोड्यातही तिची एखादी पुडी असते. तेव्हा समुद्राचा कायदा आपल्या भाकरीपर्यंत येतो, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

तो कायदा असा. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने समुद्रातील ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटरहून आणि बोंबील १८० मिलिमीटरहून लहान धरू नये. बोंबलाची ही लांबी म्हणजे साधारण एक वीत. त्याच महिन्यात पापलेटला राज्यमासा म्हणून मान देण्यात आला. मान दिला तो मासा कमी होऊ लागल्यावर, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

लांबीच का मोजावयाची? माशाचे वय त्याच्या कपाळावर लिहिलेले नसते. लांबी मात्र पट्टीने कोणालाही मोजता येते. मादी विशिष्ट लांबीची झाली म्हणजे गाभोळी धरू लागते. त्याआधीच ती टोपलीत आली, तर मुद्दलही गेले आणि व्याजही गेले. मात्र लहान दिसणारा प्रत्येक जीव पिल्लूच असतो असे नाही. आपली सुकट म्हणजे वाळविलेला जवळा. तो पुरता वाढला तरी बोटभरच असतो. म्हणून सर्वांना एक माप लावून चालत नाही. जातवार यादी करावी लागते.

आता कोणी विचारील, शहाणा कोळी आपण होऊन पिल्ले सोडणार नाही काय? सोडील, पण त्याने सोडलेले पिल्लू शेजारच्या जाळ्यात गेले तर त्याने काय करावे? हा प्रश्न आम्हांला नवा नाही. ऊसतोडकऱ्यांत एका टोळीने कमी दर मान्य केला की बाकीच्यांचाही दर पडतो. एकट्याचा चांगुलपणा तेथे उपाशी मरतो. नियम सर्वांना आणि एकाच दिवशी लागू झाला, तरच चांगुलपणा परवडतो.

परंतु नियम कागदावर आला म्हणजे काम झाले, असे आम्ही कधीही मानले नाही. जाळे वर ओढेपर्यंत त्यातील पुष्कळशी पिल्ले मेलेली असतात. मेलेले पिल्लू पाण्यात टाकून कोणाचे भले होणार? म्हणून खरा उपाय जाळ्याच्या फाशात आहे. साधा फासा ओढ लागली की मिटतो. चौकोनी फासा उघडा राहतो आणि लहान मासा जिवंत निसटतो. दुसरा उपाय धक्क्यावर आहे. बारीक मासळी भुकटीच्या कारखान्यांकडे जाते. तेथे गिऱ्हाईक आहे तोवर पिल्ले धरली जातील. डोक्यावर टोपली घेऊन बसलेल्या बाईला दंड आणि ट्रॉलरच्या मालकाला सवलत, असा न्याय झाला तर नियमाची अब्रू जाईल.

परदेशांत हौसेने गळ टाकणाऱ्यांनाही असे बंधन असते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर स्ट्राइप्ड बास नावाच्या माशासाठी २०२३ साली ठरले की, समुद्रात माणशी दिवसाला एकच मासा घ्यावा, आणि तोही २८ ते ३१ इंच लांबीचा. लहान सोडावा हे समजते. मोठा का सोडावा? कारण थोराड मादी सर्वांत जास्त अंडी घालते. असे नियम पकडण्याइतकेच जवळ बाळगण्यालाही लागू असतात. भर समुद्रात कोणी काय धरले हे पाहण्यास शिपाई नसतो. धक्क्यावर पिशवी मात्र उघडता येते.

आपल्या माजलगाव आणि मांजरा या जलाशयांत हिशेब थोडा वेगळा आहे. कटला, रोहू, मृगळ यांना विणीसाठी वाहते पावसाळी पाणी लागते. साचलेल्या पाण्यात ते सहसा वीत नाहीत. म्हणून बोटुकली आणून सोडावी लागते. तेथे पिल्लू धरणे म्हणजे पेरलेले पीक हुरड्यालाही न येता कापणे. सुरुंग किंवा विष वापरून मासे मारण्यास तर १८९७ च्या कायद्यानेच बंदी घातली; तरी तो मोह अजून कोठे कोठे दिसतो.

आपण काय करावे? सुका बोंबील आखडलेला असतो. तेव्हा पट्टी घेऊन बाजारातल्या म्हातारीशी भांडू नये. ताजे पापलेट घेताना मात्र तळहातावर मावेल एवढे घेऊ नये, आणि जलाशयावरच्या भोई बांधवांच्या सोसायटीत फाशाचा ठराव होतो की नाही ते विचारावे. चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात लावू नये हे १९४८ च्या कायद्यात आले, तेव्हाही धंदा बुडेल अशी ओरड झालीच असेल. वाढणाऱ्याला वाढू द्यावे, एवढेच त्या कायद्याचे म्हणणे होते, आणि ह्या नियमाचेही तेवढेच आहे. फक्त त्या वाढीचे दिवस कोळ्याने कोणाच्या भाकरीवर काढावयाचे, याचे उत्तर नियम करणाऱ्यांनी दिले पाहिजे.