हिरव्या पाटीला काय काय माफ?

खांदेश्वर स्टेशनबाहेर सकाळी दुचाकी लावायला जागा शोधताना हल्ली इलेक्ट्रिक गाड्यांच्या, म्हणजे ईव्हींच्या, हिरव्या नंबरप्लेटी नजरेत भरतात. आणि हिरवी प्लेट दिसली की शेजारी सल्ला देणारा असतोच: "टॅक्स नाही, टोल नाही, लायसन नाही, पीयूसी नाही, वर सरकारच पैसे देतं." या पाचांतली पीयूसीची गोष्ट निखालस खरी आहे. बॅटरीवरच्या गाडीला धूरच नाही, तर तपासायचं काय! बाकीच्या चार अर्ध्याच खऱ्या, आणि पैसे जातात ते त्या उरलेल्या अर्ध्यात.

"ईव्हीला टोल नाही"

टोल नाही, पण तो नेमक्या रस्त्यांवर आणि नेमक्या गाड्यांना. राज्याच्या नव्या ईव्ही धोरणाला मंत्रिमंडळाने २९ एप्रिल २०२५ ला मंजुरी दिली, मे महिन्यात शासन निर्णय निघाला, आणि त्याची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत आहे. पूर्ण टोलमाफीसाठी त्यात तीन नावं आहेत: अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग. खांदेश्वरकरांसाठी यातला दुसरा अगदी दाराशी, कारण कळंबोलीला वळलं की तो सुरू. एप्रिल २०२३ च्या दरवाढीनंतर मोटारीला तिथे एका खेपेचे ३२० रुपये पडू लागले, म्हणजे पुण्याला जाऊन-येऊन ६४०. दर आठवड्याला आई-वडिलांना भेटायला पुण्याला जाणाऱ्याचे महिन्याला अडीच हजार वाचतात. ही रक्कम पेट्रोलच्या बचतीत धरायला लोक विसरतात.

मात्र निर्णय निघाला त्याच दिवशी नाक्यावरच्या यंत्राला तो कळला असं झालं नाही. अटल सेतूवर माफी २२ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाली. तरीही पैसे कापले जात असल्याच्या तक्रारी राहिल्याच. शेवटी डिसेंबरमध्ये नागपूरच्या अधिवेशनात विषय निघाला आणि विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांना आठ दिवसांत अंमलबजावणी करण्याचे निर्देश द्यावे लागले. त्यामुळे फास्टॅग काढून टाकू नका, आणि प्रत्येक फेरीनंतर पैसे कापल्याचा मेसेज आला का ते बघा.

माफी प्रवासी मोटारी आणि बसची आहे. मालवाहू टेम्पो इलेक्ट्रिक असला तरी त्यात बसत नाही. स्कूटरवाल्यांचा प्रश्न तर मुळातच निकाली आहे. अटल सेतूवर आणि द्रुतगती मार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही, मग टोल माफ असो की नसो. आणि "माझ्या ईव्हीला वाशीच्या नाक्यावर टोल लागला नाही" असं कौतुकाने सांगणाऱ्याला हळूच आठवण करून द्यावी, की मुंबईच्या वेशीवरचे पाचही नाके ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्याच हलक्या वाहनांना माफ आहेत. शेजारच्या डिझेल गाडीलाही.

"इलेक्ट्रिक स्कूटरला लायसन लागत नाही"

सर्वांत धोक्याचा गैरसमज हा, कारण यातून शाळकरी पोरांच्या हातात चाव्या जातात. नियमातली सूट आहे ती २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या गाडीला. अशी गाडी कायद्याच्या व्याख्येत मोटार वाहनच नाही, म्हणून तिला नंबर नाही आणि लायसनही नाही. पण सायन-पनवेल महामार्गावर मोटारींच्या बरोबरीने पळणारी स्कूटर या मापात बसणं शक्य नाही. तिला नोंदणी, विमा, लायसन, हेल्मेट सगळं लागतं. प्लेटचा रंग हिरवा म्हणून चालवणाऱ्याला वेगळा कायदा नाही.

कमी वेगाची गाडी घेऊन तिचा वेगमर्यादेचा बंध काढून देणारे मेकॅनिक असतात. अशा फेरफार केलेल्या गाड्यांवर २०२२ मध्ये परिवहन विभागाने राज्यभर मोहीम काढली होती. वेग वाढवला त्या क्षणी ती गाडी बिननोंदणीची, बिनविम्याची मोटारसायकल होते. अपघात झाला तर भरपाई खिशातून.

"टॅक्स शून्य"

मोटार वाहन कर शून्य, हे बरोबर. खांदेश्वरची गाडी पनवेलच्या आरटीओत, एमएच-४६ मध्ये नोंदली जाते आणि ईव्हीचं नोंदणी शुल्कही माफ आहे. तुलनेसाठी पाहा: नऊ लाखांच्या खासगी पेट्रोल गाडीला ११ टक्के, म्हणजे ९९ हजार. सीएनजीला पूर्वी ७ ते ९ टक्के होता, तो १ जुलै २०२५ पासून एक टक्क्याने वाढला. नऊ लाखांवर ८ टक्के म्हटलं तरी ७२ हजार. "सीएनजीही पर्यावरणपूरक, मग तिलाही माफी असेल" असं समजून शोरूममध्ये जाणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या ईव्हींना ६ टक्के कर सुचवला होता. त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी तो मागे घेत असल्याचं विधान परिषदेत सांगितलं. पण प्रस्तावाची बातमी जितकी फिरली तितकी माघारीची फिरली नाही. जीएसटी मात्र शून्य नाही, तो ५ टक्के आहे. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल-सीएनजी गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आल्याने ईव्हीची पूर्वीची आघाडी थोडी आखडली आहे. जुने हिशेब काढून बसलात तर ते पुन्हा मांडा.

हायब्रिडचं एका ओळीत: तिला हिरवी प्लेट नाही, आणि कर पेट्रोल गाडीसारखाच.

"सरकार पैसे देतं"

कोणतं सरकार आणि कोणाला? केंद्राची फेम-२ योजना ३१ मार्च २०२४ ला संपली. १ ऑक्टोबर २०२४ पासून आलेल्या पीएम ई-ड्राइव्हमध्ये दुचाकी, तीनचाकी, बस, ट्रक, रुग्णवाहिका आहेत, खासगी मोटार नाही. शिवाय दुचाकीचं अनुदान दुसऱ्या वर्षी निम्म्यावर आलं. राज्याच्या धोरणात दुचाकीला किमतीच्या १० टक्के, पण कमाल १० हजार, आणि तेही ठरावीक संख्येपर्यंतच. दुकानदार तोंडी आकडा सांगत असेल तर तो बिलात वजा करून दाखव म्हणावं.

कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत आयकर सवलत, हे कलम ८०ईईबी अजून लोकांच्या तोंडी आहे. ती सवलत १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांना होती. आजच्या कर्जाला नाही. विम्यात मात्र एक खरी सूट आहे आणि तिची चर्चा कोणी करत नाही: २०२२ पासून ईव्हीच्या थर्ड पार्टी हप्त्यात १५ टक्के कपात.

"सीएनजी लावली की कटकट मिटली"

सीएनजी गाडीला पीयूसी लागतंच. टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. बाहेरून बसवलेलं किट मान्यताप्राप्त हवं, त्याची नोंद आरसीत हवी आणि विमा कंपनीला कळवलेलं हवं. नोंद नसलेलं किट दावा फेटाळण्याचं आयतं कारण ठरू शकतं.

"सोसायटी नाही म्हणाली, विषय संपला"

गाडी चार्ज करायची खरी लढाई इथे आहे. आपल्याकडे सिडकोच्या जुन्या इमारती, मोजकं पार्किंग, आणि सभेत एक वाक्य ठरलेलं: "आग लागली तर जबाबदार कोण?" भीती अगदीच पोकळ नाही. २०२२ मध्ये स्कूटर पेटल्याच्या घटना झाल्या आणि त्यानंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले. पण तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली सोडलेली एक्स्टेन्शन वायर कोणत्याही नियमात बसत नाही. नीट वायरिंगला नकार दिला की नेमकी तीच वायर खाली येते.

केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते. चार्जिंगसाठी वीज वापरायला वेगळा परवाना लागत नाही. फक्त वायर सामायिक जागेतून न्यायची तर सोसायटीची संमती लागते. हिशेबही बघा: ३ युनिटच्या बॅटरीची स्कूटर महिन्यात पंधरा वेळा भरली तर ४५ युनिट, घरच्या बिलात खपून जातात. ३० युनिटची मोटार महिन्यात बारा वेळा भरली तर ३६०, आणि घरगुती मीटर वरच्या टप्प्यात जातो. महावितरणच्या दरपत्रकात ईव्ही चार्जिंगचा स्वतंत्र वर्ग आहे, त्यात हे टप्पे नाहीत. मोटार असेल तर वेगळा मीटर पाहावा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राहक हक्कांचे वीज नियम बदलले. त्यानुसार चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते आणि पनवेलसारख्या महापालिका क्षेत्रात, नवी वाहिनी टाकावी लागत नसेल तर, पूर्ण अर्ज दिल्यापासून सात दिवसांत जोडणी द्यायची आहे. राज्याच्या नव्या ईव्ही धोरणात तर नव्या निवासी इमारतींचं सगळं पार्किंग चार्जिंगला सज्ज असावं असं म्हटलं आहे. स्टेशनलगतच्या नव्या घरांत राहायला जाणाऱ्यांनी ताबा घेतानाच हे विचारावं. जुन्या इमारतींतल्यांनी पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय लेखी घालावा, आणि गाडीचं बुकिंग सभेनंतर करावं.