खाजनाचा बांध आणि पाणमांजराची वाट



पाणथळ जागांचे पुनरुज्जीवन म्हटले की झाडे लावणे किंवा गाळ उपसणे आपल्या डोळ्यांसमोर येते. शापोरा व तेरेखोल नद्यांच्या काठी पेडण्यात, तसेच मांडवीकाठच्या डिचोलीत मात्र हा प्रश्न निराळा आहे. येथील खाजने केवळ निसर्गाची निर्मिती नव्हेत. आपल्या पूर्वजांनी खाडीचे पाणी मातीच्या बांधांनी अडवून ती घडविली.

त्यांचे मर्म मानशीच्या लाकडी दारांत आहे. भरतीच्या रेट्याने ती मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. पावसाने खार धुपतो आणि खारेपणा सोसणारे कोरगुट भात पिकते. आतील ओहळांत मासे व कोळंबी वाढतात. त्यांच्यावर बगळे, खंड्या आणि पाणमांजर जगतात. विद्यार्थ्यांना बांधावर नेतो तेव्हा मी प्रथम पाणमांजराची विष्ठा दाखवितो. तिच्यातील माशांचे खवले सारी कथा सांगतात.

बांध फुटला की खारे पाणी शेतात राहते, पीक बुडते, जमीन पडीक होते. कालांतराने तेथे खारफुटी माजते. खारफुटीही मोलाचीच, पाणमांजर तिच्यात आसरा घेते. परंतु बाहेर खारफुटी, आत ओले शेत आणि वाहता ओहळ ही विविधता गेली, तर ओल्या शेतात चरणारे पक्षी दुरावतात. डिचोलीत खाणींच्या मातीचा गाळ शेतांत उतरला, ही आणखी एक जखम.

कष्टाची शेती आणि पक्षी एकत्र नांदतात, हे तिसवाडीतील करमळीच्या तळ्याने दाखविले आहे. पावसाळ्यात भात आणि नंतर साठविलेल्या पाण्यात अडई बदकांचे थवे, असा तेथील क्रम. कुडचड्याजवळील नंदा तळ्याला २०२२ साली रामसर स्थळाचा मान मिळाला. गुळगुळीत केसांच्या पाणमांजराच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१९ साली कडक बंदी आली.

तथापि कायदा बांधावर माती टाकीत नाही. पूर्वी हे काम गावकरी संस्था पाहत. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर त्यात कुळांच्या संघटनांचा वाटा वाढला. आज तरुण शेतीपासून दूर गेले आहेत आणि मोपा विमानतळानंतर पेडण्यातील जमिनीला मोठे मोल आले आहे. म्हणून माझी विनंती एवढीच: आपल्या गावची मानस कोणाच्या हाती आहे, याची चौकशी करा. ते दार निकामी झाले, तर भात आणि पाणमांजर दोन्ही एकाच वाटेने जातील.