खाऱ्या पाण्याच्या साठवणीसाठी सुरक्षित भांड्यांची निवड

कोकणच्या किनारपट्टीवर भातशेती, आंबा-काजूच्या बागा व मासेमारी यांच्या जोडीस करता येण्याजोगा एक पूरक धंदा म्हणजे सागरी शोभिवंत माशांचे संगोपन होय. क्लाउन माशासारख्या जातींची पिल्ले आता बंदिस्त टाक्यांत निपजविता येतात आणि ती काचपेट्यांत वाढवून विकता येतात. हा धंदा सुरू करणारे शेतकरी व बचत गट मासे, खाद्य व यंत्रे यांची चौकशी बारकाईने करतात; परंतु ज्या भांड्यात समुद्राचे पाणी साठवावयाचे त्या भांड्याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. पुढे पाणी आरशासारखे स्वच्छ दिसत असताना मासे मरू लागले म्हणजे दोष रोगाला, खाद्याला अथवा दैवाला दिला जातो. पुष्कळदा तो दोष भांड्याचा असतो. पाण्याच्या रंगावरून अगर चवीवरून तो कळत नाही. म्हणून भांड्याची निवड व परीक्षा पाणी भरण्यापूर्वीच झाली पाहिजे.

साठवण कशासाठी व किती

काचपेटीतील पाण्यात माशांची विष्ठा व उरलेले खाद्य यांमुळे दूषित द्रव्ये साचत जातात. यासाठी दर आठवड्यास एकूण पाण्याचा सुमारे दहावा हिस्सा काढून तितकेच ताजे खारे पाणी घालावे लागते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात व त्याचा सामू ८ च्या थोडा वर असतो. परंतु जून ते सप्टेंबर या काळात नद्या व ओहोळ यांचे गोडे पाणी किनाऱ्यालगतच्या समुद्रात मिसळते. त्यामुळे पाण्याची क्षारता घटते व ते गढूळ होते. या चार महिन्यांची बेगमी एप्रिल-मे मध्येच करून ठेवणे इष्ट असते.

उदाहरणार्थ, ज्याच्या पेट्यांत मिळून १,००० लिटर पाणी आहे त्यास दर आठवड्यास १०० लिटर पाणी लागेल. पावसाळ्याच्या १७ आठवड्यांस १,७०० लिटर व अडीअडचणीसाठी ३०० लिटर, असे २,००० लिटर पाणी हाताशी असावे. याचा अर्थ असा की शेवटच्या पिंपातील पाणी त्या पिंपात चार-पाच महिने राहणार. जे भांडे चार तासांत काही अपाय करीत नाही तेच चार महिन्यांत पाणी विषारी करू शकते. निवडीच्या वेळी ही गोष्ट मुख्यत्वेकरून ध्यानात ठेवली पाहिजे.

धातूची भांडी पूर्णपणे वर्ज्य

खारे पाणी धातूस खाते, हे किनाऱ्यावरील माणसास निराळे सांगावयास नको. होडीचे खिळे व खिडक्यांचे गज यांची अवस्था तो रोज पाहतो. पण धातू झिजला म्हणजे तो नाहीसा होत नाही. तो पाण्यात उतरतो.

तांबे व पितळ ही सर्वांत घातक होत. सागरी माशांच्या काही रोगांवर तांब्याचे औषध वापरतात, ते दर लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम इतक्या सूक्ष्म प्रमाणात. हे प्रमाण वाढले की औषधाचे विष होते. २०० लिटरच्या पिंपात ०.२० मिलिग्रॅमचे प्रमाण होण्यास अवघे ४० मिलिग्रॅम तांबे, म्हणजे तांदळाच्या दोन दाण्यांच्या वजनाएवढे, विरघळले तरी पुरते. कोळंबी, शंख व समुद्रफूल हे प्राणी तर याहून पुष्कळ कमी तांब्यानेही दगावतात. भांड्यास आतून कल्हई केली असली तरी तिच्यावर विसंबू नये. ती झिजते व खालील तांबे उघडे पडते.

जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या टाक्या व बादल्या यांतून जस्त उतरते, तेही जलचरांना विषारी आहे. लोखंडी पिंप गंजते. ॲल्युमिनियमला खाऱ्या पाण्यात बारीक खड्डे पडतात. स्वयंपाकघरातील स्टेनलेस पोलादाची भांडी न गंजणारी समजली जातात. परंतु दीर्घकाळ खारे पाणी राहिल्यास त्यांनाही ठिपक्याठिपक्यांनी गंज चढतो. सारांश, साठवणीसाठी कोणतेही धातूचे भांडे घेऊ नये.

सिमेंटची व मातीची भांडी

सिमेंटची टाकी स्वस्त व टिकाऊ असते, पण नव्या सिमेंटमध्ये मोकळा चुना असतो. तो पाण्यात उतरून सामू फार वाढवितो व माशांचे कल्ले भाजून निघतात. म्हणून नवी टाकी गोड्या पाण्याने भरावी, दोन-तीन दिवसांनी ते पाणी सोडून द्यावे व पुन्हा भरावी. हा क्रम दोन ते तीन आठवडे चालू ठेवावा. टाकी लवकर मुरावी म्हणून पाण्यात केळीच्या खुंटाचे तुकडे टाकण्याचा प्रघात आहे. त्यानंतर टाकी पूर्ण वाळवून आतून पिण्याच्या पाण्यास योग्य असा इपॉक्सी लेप द्यावा. लेपामुळे खारे पाणी आतील सळ्यांपर्यंत पोचत नाही. अन्यथा सळ्या गंजून फुगतात व टाकीस तडे जातात.

मातीचे रांजण सच्छिद्र असल्याने पाणी पाझरते, क्षार भिंतीत साचतात व पापुद्रे सुटू लागतात. झिलई दिलेल्या जुन्या बरण्यांच्या झिलईत शिसे असण्याचा संभव असतो. या दोहोंचा या कामी उपयोग करू नये.

काच, फायबर ग्लास व प्लास्टिक

काच खाऱ्या पाण्यात काहीही सोडीत नाही. पण ती महाग, जड व ठिसूळ असल्यामुळे थोड्या पाण्यापुरतीच उपयोगी पडते. फायबर ग्लासच्या टाक्या उत्तम असतात. मात्र नव्या टाकीस उग्र वास येत असेल तोवर ती कच्ची समजावी. ती काही दिवस उन्हात उघडी ठेवून व गोड्या पाण्याने वारंवार भरून-रिकामी करून वास पूर्ण गेल्यावरच वापरावी.

सामान्य शेतकऱ्यास सोयीचे भांडे म्हणजे अतिघन पॉलिथिलीनचे पिंप अथवा पॉलिथिलीनची पाण्याची टाकी. भांड्याच्या बुडाशी त्रिकोणात एक अंक उठविलेला असतो. २ हा अंक अतिघन पॉलिथिलीनचा व ५ हा पॉलिप्रॉपिलीनचा होय. ही दोन्ही योग्य आहेत. ३ हा अंक पीव्हीसीचा असून त्याच्या मऊ प्रकारात लवचिकपणासाठी मिसळलेली द्रव्ये पाण्यात उतरतात, म्हणून तो टाळावा. तथापि हा अंक केवळ प्लास्टिकची जात सांगतो, भांडे निर्धोक असल्याची हमी देत नाही. त्यासाठी अन्नपदार्थास योग्य असल्याची पेला व काटा यांची खूण पाहावी. पाण्याच्या टाकीवर भारतीय मानक १२७०१ चा उल्लेख पाहून घ्यावा. बाजारात स्वस्त मिळणारे काळे अगर भडक रंगाचे टब बहुधा जुने प्लास्टिक वितळवून केलेले असतात. त्यात पूर्वी काय होते हे कोणासही ठाऊक नसते. असे टब घेऊ नयेत.

जुन्या पिंपांविषयी दक्षता

निळी २०० लिटरची जुनी पिंपे स्वस्तात मिळतात व धंद्यातील सर्वांत मोठी फसगत येथेच होते. प्लास्टिक हे तेल, रंगद्रावक व तत्सम रसायने आपल्या अंगात शोषून घेते आणि पुढे कित्येक महिने ती हळूहळू पाण्यात सोडते. वरून कितीही घासले तरी अंगात मुरलेले रसायन निघत नाही. ज्या पिंपात कीटकनाशक, तणनाशक, रंग, डिझेल अगर वंगण होते ते पिंप या कामी सर्वथा निषिद्ध होय. माणसांच्या वा गुरांच्या पाण्यासाठीही ते वापरू नये. मूळ चिठ्ठी शाबूत असेल व त्यात फळांचा रस, साखरेचा पाक यांसारखा खाद्यपदार्थ होता अशी खात्री पटेल, तरच जुने पिंप घ्यावे. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

भांडे धुताना साबण अगर धुण्याची पावडर वापरू नये, कारण तिचा अंशही माशांच्या कल्ल्यांस अपायकारक असतो. खाण्याचा सोडा व स्वच्छ फडके यांनी घासावे. निर्जंतुकीकरणासाठी १०० लिटर पाण्यात १५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर कालवून वरचे निवळ पाणी रात्रभर भांड्यात ठेवावे, नंतर ओतून टाकून भांडे तीन-चार वेळा विसळावे व वास जाईपर्यंत उन्हात वाळवावे. ब्लीचिंग पावडरीत शिरका अगर कोणतेही आम्ल कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

तोटी, झाकण व बैठक

भांडे निर्दोष असूनही जोडसामानामुळे घात होतो. समजा, एखाद्या गटाने उत्तम प्रतीचे नवे पिंप घेतले व पाणी काढणे सोपे जावे म्हणून त्यास पितळी तोटी बसविली. तोटीचा आतील भाग पाण्यात सतत बुडालेला राहतो व हिरवा पडत जातो. पाणी नितळ दिसते. पण ते पेटीत पडताच प्रथम समुद्रफुले मिटतात व नंतर मासे धापा टाकू लागतात. वीस-पंचवीस रुपयांची प्लास्टिकची तोटी बसविली असती तर हा प्रसंग टळला असता. म्हणून तोटी, नळी, पट्टा, झाकणाची कडी व पाणी उपसण्याचे भांडे या सर्वांची तपासणी करावी. पाण्यास लागणारी एकही वस्तू धातूची असू नये.

समुद्राच्या पाण्याचे वजन लिटरला सुमारे १.०२५ किलो भरते. २०० लिटरचे पिंप भरल्यावर पाण्याचेच वजन २०५ किलो होते, व १,००० लिटरच्या टाकीत एक टनाहून अधिक. म्हणून टाकी माळ्यावर अगर फळ्यांवर ठेवू नये. सपाट व पक्क्या ओट्यावर सावलीत ठेवावी. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होते आणि पाण्यात शेवाळ वाढते. भांडे अपारदर्शक व घट्ट झाकणाचे असावे. झाकण नसल्यास पाणी आटून क्षारता वाढते: ३५ ग्रॅम क्षारतेच्या २०० लिटर पाण्यातील १० लिटर आटले तर ती जवळजवळ ३७ होते. कारण पाणी आटते, क्षार आटत नाहीत. अशी तूट भरून काढण्यास क्लोरीनविरहित गोडे पाणी घालावे, खारे नव्हे.

सर्व पाणी एकाच मोठ्या टाकीत साठविण्यापेक्षा दोन-तीन भांड्यांत विभागून ठेवणे श्रेयस्कर. एका भांड्यात दोष निघाला तरी संपूर्ण हंगामाचे पाणी वाया जात नाही.

भांड्याची परीक्षा

परीक्षेस सुमारे दहा दिवस लागतात व खर्च नाममात्र येतो.

१. भांड्यात कोमट पाणी भरून २४ तास झाकून ठेवावे. झाकण उघडताच रसायनाचा, तेलाचा अगर साबणाचा वास आल्यास भांडे नाकारावे.

२. नंतर समुद्राचे पाणी भरावे. त्याच वेळी तेच पाणी एका स्वच्छ काचेच्या बरणीतही ठेवावे. दोहोंचा सामू व क्षारता यांची नोंद करावी.

३. सात दिवसांनी पुन्हा मोजमाप करावे. सामू ८.५ च्या वर गेल्यास सिमेंटची टाकी अद्याप मुरलेली नाही असे समजावे. शक्य असल्यास बाजारातील चाचणी-संचाने तांब्याचीही तपासणी करावी.

४. शेवटी दोन्ही पाण्यांत हवा सोडून किनाऱ्यावरील खडकांच्या डबक्यांत मिळणारी लहान कोळंबी प्रत्येकी चार-पाच सोडावी व दोन दिवस निरीक्षण करावे. काचेच्या बरणीतील कोळंबी तरतरीत राहिली व भांड्यातील पाण्यातील मरगळली अगर मेली, तर दोष भांड्याचा होय. दोन्हीकडील मेली, तर मूळ पाणीच तपासावे. या कामी आर्टेमियाची पिल्ले वापरू नयेत. ती तांब्यास बरीच सोशिक असल्यामुळे खोटा दिलासा मिळतो.

वापरलेल्या पाण्याची विल्हेवाट

आठवड्यास १०० लिटर पाणी काढले जाते, म्हणजे त्यासोबत साडेतीन किलो मीठ बाहेर पडते. वर्षाकाठी हा आकडा सुमारे १८० किलो होतो. हे पाणी परसात, भाताच्या खाचरात अगर विहिरीजवळ ओतल्यास जमीन खारावते व विहिरीचे पाणी बिघडते. गळके पिंपही नकळत हेच काम करते. म्हणून साठवणीची जागा विहीर व शेत यांपासून दूर असावी आणि वापरलेले पाणी गाळून, त्यातून मासे वा अंडी जाणार नाहीत अशा दक्षतेने, भरतीच्या पाण्याच्या कक्षेत सोडावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या धंद्यासाठी कर्जाची मागणी करणाऱ्या शेतकऱ्यास वा गटास प्रथम तीन प्रश्न विचारावेत: भांडे कशाचे आहे, त्यात पूर्वी काय होते, आणि त्याला धातूचे काय जोडलेले आहे? या तिन्हींची समाधानकारक उत्तरे मिळून वरील परीक्षा पार पडल्यानंतरच मासे खरेदी करण्याचा सल्ला द्यावा. मासे आधी व भांड्याची चौकशी नंतर, असा क्रम झाल्यास कर्ज तेवढे मागे उरते.