रिकाम्या हौद्याचे गणित

भाजीपाल्याची वाहतूक करणाऱ्या कल्याणच्या एका वाचकाने पत्राने विचारले आहे की, पिकअपचे टायर झिजून गोटा झाले असून पावसाळा तोंडावर आला आहे, तेव्हा नवे टायर घेताना जाड नक्षीचे घ्यावेत, जास्त वजनाचे घ्यावेत, की दुकानदार सुचवील ते मुकाट्याने घ्यावेत? प्रश्न खर्चाचा तर आहेच. पण त्याचे उत्तर ज्या तत्त्वावर उभे आहे, ते मला विसाव्या शतकातील उपयोजित पदार्थविज्ञानाच्या अतिशय देखण्या आणि तितक्याच दुर्लक्षित शोधांपैकी एक वाटते. जुन्नर-ओतूरकडचा माल माळशेज घाट उतरून, मुरबाडमार्गे कल्याणच्या बाजार समितीत येतो, भिवंडीच्या गोदामांतला माल ठाणे-डोंबिवलीच्या दुकानांत जातो, आणि माल उतरवला की यांपैकी पुष्कळशा गाड्या रिकाम्या हौद्याने परततात. टायर घेताना भरलेल्या फेरीचा विचार सर्वच जण करतात. परतीच्या रिकाम्या फेरीचा विचार सहसा कोणी करीत नाही, आणि निवडीचे मर्म माझ्या मते तेथेच आहे.

भरलेल्या फेरीचा विचार आधी उरकून घेऊ, कारण तेथे एक फसवा सापळा आहे. २१५/७५ आर १५ हे एकच माप प्रवासी गाडीच्या आणि मालवाहू पिकअपच्या अशा दोन्ही टायरांवर आढळते; परंतु मापापुढे जो भारांक छापलेला असतो, तो प्रवासी टायरवर साधारणतः १०० असतो, म्हणजे प्रत्येक चाकामागे कमाल ८०० किलो, तर मालवाहू जातीच्या टायरवर तो १०६ असल्यास ही मर्यादा ९५० किलोंपर्यंत जाते. माप जुळले म्हणून स्वस्तातला प्रवासी टायर पिकअपला चढविणारा मनुष्य चारही चाके मिळून ६०० किलोंची क्षमता गमावतो, आणि हे त्याला कळते ते बहुधा उन्हाळ्यातील एखाद्या दुपारी, जास्त वाकून तापलेली टायरची बाजू फाटते तेव्हा. भारांक, आणि त्यासोबत टायर कोणत्या आठवड्यात व कोणत्या वर्षी तयार झाला हे सांगणारे चार अंक, एवढे दोन दाखले वाचल्याखेरीज टायर दुकानातून हलवू देऊ नये.

आता मूळ तत्त्वाकडे वळू. गाडीचा भार रबर पेलीत नाही. बाजूच्या भिंतींचा थोडासा वाटा वगळला, तर तो आत कोंडलेली हवा पेलते. समजा, मागच्या चाकावर ८०० किलो भार आहे आणि हवेचा दाब ६५ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे साडेचार किलो आहे. तर ८०० ला साडेचाराने भागून येणारे सुमारे १७८ चौरस सेंटिमीटर एवढेच टायरचे क्षेत्र रस्त्यास टेकलेले असणार, म्हणजे जवळजवळ दीड पोस्टकार्ड. हौदा रिकामा झाला, चाकावरचा भार ३०० किलोंवर आला आणि हवा तेवढीच राहिली, तर हे क्षेत्र ६७ चौरस सेंटिमीटरांवर, म्हणजे अर्ध्या पोस्टकार्डावर येते. शिवाय टायरची रुंदी फारशी घटत नसल्यामुळे घट होते ती लांबीत: १५ सेंटिमीटर रुंदीचा तो ठसा १२ सेंटिमीटर लांब होता, तो साडेचार सेंटिमीटरांवर येतो. कोरड्या रस्त्यावर याचे फारसे काही बिघडत नाही. ओल्या रस्त्यावर मात्र सारे काही याच लांबीवर अवलंबून असते, आणि हे ज्याने दाखवून दिले त्या वॉल्टर हॉर्नचे नाव, डनलॉपचे नाव पाठ असलेल्या जगाला जवळजवळ अपरिचित आहे.

पुढे १९५८ मध्ये जिचे रूपांतर नासात झाले, त्या अमेरिकेच्या विमानविद्या संस्थेच्या लँग्ली येथील प्रयोगशाळेत १९५७ च्या सुमारास फिरत्या पट्ट्यावर टायरच्या चाचण्या चालू होत्या. पट्टा ओला होता, त्याचा वेग वाढविला जात होता, चाकाला ब्रेक लावलेला नव्हता. आणि तरीही चाक मंदावत गेले व अखेरीस पट्टा खालून वेगाने सरकत असता जागच्या जागी स्थिर झाले. पाणी बाजूला सरण्यास अवधीच न मिळाल्याने टायरखाली पाण्याची पाचर शिरली होती, आणि चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागले होते. तेथील हॉर्न आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विमानाच्या टायरांवर या घटनेचा पद्धतशीर अभ्यास करून १९६३ मध्ये विलक्षण साधे सूत्र मांडले: दर चौरस इंचास पौंडांत मोजलेल्या दाबाचे वर्गमूळ घ्यावे, त्यास सुमारे १६.७ ने गुणावे, आणि साचलेले पाणी नक्षीच्या खाचांना न आवरण्याइतके खोल असेल, तर ताशी तितक्या किलोमीटरांवर टायर तरंगू लागेल. चंद्रावर मनुष्य उतरविण्याची तयारी करणारी संस्था त्याच वर्षांत पाण्याच्या काही मिलिमीटर थराशी झुंजत होती, आणि धावपट्ट्यांना आडव्या खाचा पाडण्याचा जो पुरस्कार तिने केला, त्याने वाचविलेल्या प्राणांची गणना कोण करणार!

या सूत्राप्रमाणे ३६ पौंडांची मोटार ताशी १०० किलोमीटरांवर तरंगेल, पण ६५ पौंडांचा मालवाहू टायर १३४ च्या आत तरंगणारच नाही. म्हणजे ट्रक सुरक्षित, असेच सर्वांना वाटत राहिले. प्रत्यक्षात मात्र पावसात रिकामे ट्रक घसरत होते, आणि १९८४ मध्ये खुद्द हॉर्ननेच आपल्या सूत्रातील उणीव दाखविली. विमानाच्या टायरचा ठसा भाराप्रमाणे लांबी-रुंदीचे प्रमाण राखून लहानमोठा होतो. ट्रकचा ठसा रिकामेपणी आखूड होतो, पण रुंदीत फारसा घटत नाही, त्यामुळे पाणी दूर सारण्यास अवधीच उरत नाही आणि महामार्गावरील नेहमीच्या वेगातही चाक रस्ता सोडू शकते. ताशी ६० किलोमीटर वेगात १२ सेंटिमीटरांचा ठसा एखाद्या बिंदूवरून सरकण्यास सुमारे सात सहस्रांश सेकंद लागतात, साडेचार सेंटिमीटरांच्या ठशास तीनही लागत नाहीत. वीस वर्षे प्रमाण मानल्या गेलेल्या स्वतःच्याच नियमाला अशी दुरुस्ती जोडणाऱ्या या शास्त्रज्ञाबद्दल मला नितांत आदर वाटतो.

यावरून वाचकमित्राचा निर्णय सुलभ होतो. डांबरी आणि काँक्रीटच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीस ठोकळ्यांच्या आडव्या नक्षीपेक्षा परिघाभोवती सलग धावणाऱ्या खोल खाचांची नक्षी हितावह, कारण पाण्याला निघून जाण्याची वाट तीच देते; शेताच्या बांधावर, चिखलात माल भरणाऱ्यानेच ठोकळ्यांकडे वळावे. नक्षीची किमान खोली कायद्याने १.६ मिलिमीटर ठरविली आहे. पण ती कायद्याची सीमा आहे, कोकणच्या पावसाची नव्हे, म्हणून तीन मिलिमीटर उरताच, तेही जूनपूर्वी, टायर बदलणे शहाणपणाचे. चारही चाकांची नक्षी एकच असून दोनच टायर घेण्याची ऐपत असेल, तर पुढे नवे आणि मागे जुने हा रूढ शिरस्ता मोडून नवे मागे लावावेत; रिकामेपणी हलका होतो तो मागचाच भाग, आणि तो घसरला की सुकाणू हाती असूनही गाडी हाती राहत नाही. नायट्रोजन भरण्याच्या जाहिरातींवर पैसा खर्च करण्याचे कारण नाही, कारण साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच. त्याऐवजी दर आठवड्यास, गाडी थंड असता, गाडीवरील पाटीबरहुकूम दाब मोजावा. आणि शिळफाट्याकडे किंवा मुरबाड रस्त्यावर पाणी साचलेले दिसताच, हौदा रिकामा असेल तर भरलेल्या गाडीहून अधिक सावकाश जावे, हलकी गाडी लवकर थांबेल या समजुतीवर विसंबू नये.

जून २०२२ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने हलक्या मालवाहू टायरांनाही ओल्या रस्त्यावरील पकडीची किमान कसोटी लागू केली, हे फार मोठे पाऊल आहे. पण किमान कसोटीस उतरलेल्या टायरांतही पकडीचे पुष्कळ तारतम्य असते. युरोपात नोव्हेंबर २०१२ पासून ओल्या पकडीची श्रेणी दाखविणारी चिठ्ठी ग्राहकाला पाहावयास मिळते. दर साल पावसाळ्याचे चार महिने भिजणाऱ्या आपल्या मुलखात तशी चिठ्ठी प्रत्येक दुकानात आणि तीही मराठीत असणे अधिक अगत्याचे आहे. रबर उत्पादकांची संशोधन संस्था ठाण्याच्या वागळे इस्टेटीतच आहे, मोजमापाची विद्या आपल्या दाराशी आहे. तशी चिठ्ठी येईपर्यंत ग्राहकांनी किंमत विचारण्याआधी ओल्या रस्त्यावरील पकड विचारण्याचा प्रघात पाडावा. शंभर गिऱ्हाइकांनी एकच प्रश्न विचारला, तर त्याचे उत्तर दुकानदाराला कंपनीकडून मिळवून ठेवावेच लागेल.