अकोला? कम्पायलर म्हणतो, ‘जमणार नाही!’

राजेहो, माहीत आहे का? अमरावती जिल्ह्याचे १४ तालुके, अकोल्याचे ७. या २१ पैकी एकाचंही नाव ‘गो’ या प्रोग्रामिंग लँग्वेजमध्ये देवनागरीत टाइपला, म्हणजे डेटाच्या प्रकाराला, देता येत नाही!

गूगलमध्ये जन्मलेली ही कम्पाइल्ड लँग्वेज २००९ साली जगासमोर आली. तिच्या नियमाने नावात फक्त अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही युनिकोडच्या लेखी जोडचिन्हं. म्हणून अकोल्याचा ‘अक’ पास, पुढे थेट एरर!

कापूस नापास. सरकी नापास. रुईसुद्धा नापास! ‘वजन’ आणि ‘दर’ मात्र झोकात पास. म्हणजे भाव ठरला, माल गायब.

थांबा, खरा झोल पुढे आहे. टाइप दुसऱ्या पॅकेजला, म्हणजे कोडच्या दुसऱ्या गठ्ठ्याला, वापरू द्यायचा तर नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल हवं. आता बोला! देवनागरीत कॅपिटल आणायचं कुठून? पास झालेलं ‘वजन’ही पॅकेजातच नजरकैदेत. सुटका हवी तर आधी इंग्रजी ‘एक्स’ चिकटवा.

मग कोडर नावं रोमनमध्येच लिहितात. ठीक आहे, पण टाइप हवेतच. कापूस विकतात क्विंटलने, रुईचा भाव खंडीवर, म्हणजे ३५६ किलोवर, आणि गाठ १७० किलोची. सगळे नुसते आकडे ठेवले तर क्विंटलमध्ये खंडी मिसळली तरी प्रोग्राम हूं की चूं करत नाही. वेगळे टाइप करा, कम्पायलर जागीच अडवतो. १९९९ मध्ये नासाचं मंगळयान गेलं ते असल्याच घोळात: एकीकडे पाउंड, दुसरीकडे न्यूटन!

आणि माहीत आहे का? दोन पॅकेजांत हुबेहूब सारखे दोन ‘खंडी’ टाइप लिहिले तरी गोला ते परकेच. बरं, ‘खरेदी’ पॅकेजने ‘जिनिंग’ पॅकेजकडून टाइप मागितला आणि जिनिंगने खरेदीकडून, तर उत्तर ठरलेलं: ‘इम्पोर्ट सायकल नॉट अलाउड’. सामायिक टाइप तिसऱ्या पॅकेजात ठेवा, आणि त्याने या दोघांकडे हात पसरायचा नाही. बस्स.

२०१७ च्या १.९ आवृत्तीपासून टाइप एलियासही आहेत. टाइपने बिऱ्हाड हलवलं तरी जुन्या पत्त्यावर ओ मिळते!

देवनागरीचाच हट्ट असेल तर ‘रस्ट’कडे वळा. जून २०२१ च्या १.५३ आवृत्तीपासून तिथे ‘कापूस’ बिनबोभाट चालतो. कॅपिटलची भानगड नाही, पुढे ‘पब’ लिहिलं की टाइप बाहेर. हो, पबच!