पावसानं गाव धुतलं, पण ते पाणी गेलं कुठे? राजूरच्या निमित्ताने काही हिशोब

वणी तालुक्यातलं राजूर म्हटलं की कोळसा आणि चुना आठवतो. कोळशाची खाण, ट्रकची वर्दळ, चुनाभट्ट्या आणि त्याभोवती वाढत गेलेली वस्ती. उन्हाळाभर छपरांवर, रस्त्यावर, नालीच्या काठाला जी धूळ बसते, ती जूनच्या पहिल्या दणक्यात निघून जाते. आपण म्हणतो, बरं झालं, गाव स्वच्छ झालं. पण ती धूळ नाहीशी होत नाही. नालीतून नाल्यात जाते, तिथून पुढे वर्धा नदीकडे, आणि वाटेत पाणी साचलं तर कुणाच्या तरी विहिरीच्या तोंडाशी.

पाणी किती घाण आहे हे आपण रंगावरून ठरवतो. अभ्यासक मात्र आणखी एक प्रश्न विचारतात: एका पावसात एकूण किती किलो घाण गेली? याला प्रदूषणाचा भार म्हणतात. हिशोब अवघड नाही. एक चौरस मीटर जागेवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. समजा एक हेक्टरचं सिमेंट केलेलं आवार आहे आणि 20 मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे 2 लाख लिटर. त्यातलं 80 टक्के वाहून गेलं तर 1 लाख 60 हजार लिटर. प्रत्येक लिटरमध्ये अर्धा ग्रॅम गाळ धरला, तर एका पावसात 80 किलो गाळ नाल्यात! (आकडे समजण्यासाठी घेतलेत, राजूरचं मोजमाप नव्हे.) त्याच जागी शेत असतं तर काळ्या मातीच्या भेगांनी सुरुवातीचं बरंच पाणी पिऊन टाकलं असतं. म्हणून गाव वाढतं, रस्ते सिमेंटचे होतात, अंगणात फरशी येते, तसा भारही वाढतो. एकही नवा कारखाना न येता वाढतो.

अमेरिकेत 1978 ते 1983 दरम्यान सरकारने 28 ठिकाणी शहरांतलं पावसाचं पाणी तपासलं. त्यात तांबं, शिसं आणि जस्त हे धातू बहुतेक ठिकाणी सापडले. तोवर अनेकांना वाटायचं की पावसाचं पाणी म्हणजे पाक पाणी, धोका फक्त गटाराचा.

बंद आवारात किंवा छपरावर सर्वात जास्त घाण पहिल्या पाण्यात असते. पण उघड्या मातीचं तसं नाही. मातीचे ढिगारे आणि कच्चे रस्ते जोराच्या प्रत्येक सरीत नव्याने सुटत राहतात. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण उपाय वेगळे लागतात. पहिल्या प्रकारात पावसाळ्याआधी झाडून काढलेली धूळ म्हणजे नदीत न गेलेली धूळ. दुसऱ्यात ढिगाऱ्याभोवती चर आणि पाणी थांबवून गाळ खाली बसवणारी टाकी हवी, आणि ती टाकी दरवर्षी उपसायलाही हवी. भरलेली टाकी म्हणजे नुसता खड्डा.

चुना पाण्याचा क्षार वाढवतो. कोळशासोबत गंधकाची खनिजं असतील तर पाणी आंबट होऊ शकतं. दोन्ही एकत्र आले की बरोबरी होते, असं कुणी सांगितलं तर मानू नका. गाळ आणि धातू तिथेच राहतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक 6.5 ते 8.5 इतका पीएच सांगतं. कोळसा खाणीतून नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात तरंगता गाळ लिटरमागे 100 मिलिग्रॅमच्या आत हवा. आणि हो, पाणी उकळल्याने जंतू मरतात, गाळ किंवा धातू जात नाहीत. यवतमाळ जिल्ह्यात ठिकठिकाणी जे फ्लोराईड आढळतं ते मात्र खडकातून येतं, त्याचं खापर या धुळीवर फोडू नये.

आपल्या हातात काय आहे? मशिदीचं छत 200 चौरस मीटर असेल आणि वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडत असेल, तर 80 टक्के धरूनही दीड लाख लिटरच्या वर पाणी मिळतं. वुजू, सफाई, झाडं यासाठी ते मोठं आहे. पण राजूरसारख्या गावात पहिलं पाणी टाकीत घेऊ नये. छत आधी झाडावं, पन्हाळीच्या पाइपला बाजूला सोडणारा कॉक बसवावा, आणि प्रत्येक पावसाचे पहिले 2 मिलिमीटर, म्हणजे या छतावरचे 400 लिटर, बाहेर जाऊ द्यावेत. ट्रकमधला माल ताडपत्रीने झाकलेला असणं, चाकं धुऊनच गाडी बाहेर पडणं, ही जबाबदारी मात्र वाहतूक करणाऱ्यांची आहे. घरातल्या बायकांनी रोज ओटा पुसून ती निभावत बसू नये.

तक्रार करायची तर नुसतं 'पाणी काळं येतं' म्हणून भागत नाही. मोहल्ल्यातल्या पोरांनी एक काम करावं. एकाच मापाच्या स्वच्छ बाटल्या घ्याव्यात. पाऊस सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी एक, तासाभराने दुसरी, नाल्याच्या एकाच ठिकाणी भरावी. पूर आलेल्या नाल्यात उतरू नये, काठावरून बादली सोडावी. बाटलीवर तारीख, वेळ, जागा लिहावी. दोन दिवस हलवू नये, मग तळाशी बसलेला थर पट्टीने मोजून फोटो काढावा. ही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे, पण कुठे आणि केव्हा चाचणी हवी हे ती दाखवते. सोबत माहिती अधिकारात प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून जवळच्या नाल्याच्या पाण्याचे अहवाल मागावेत. जूनपासून नोंदी ठेवल्या तर 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत बाटल्या टेबलावर ठेवता येतील, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगता येईल.