हिटर गेला, सेन्सर गेला

पोलादपूरला महामार्गालगतच्या गॅरेजात उभी असलेली गाडी नुकतीच आंबेनळी घाट उतरून आली होती. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा, पिकअप नाही, पेट्रोलही जास्त खातेय. मिस्त्रींनी स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला. कोड आला पी ०१३५, म्हणजे पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हिटरचं सर्किट.

"मग टाका नवा," मालक म्हणाले.

"थांबा साहेब, आधी फ्यूज आणि वायर बघू."

मला हे आवडलं. कोड दुखणं कुठल्या सर्किटात आहे एवढंच सांगतो. पार्ट मेला की वायर तुटली, ते माणसालाच शोधावं लागतं.

सायलेन्सरच्या पाइपात बसलेला हा सेन्सर धुरातला ऑक्सिजन बाहेरच्या हवेशी ताडून बघतो. पेट्रोल जास्त झालं तर ०.९ व्होल्टच्या आसपास, कमी पडलं तर ०.१. त्यावरून कॉम्प्युटर इंधन कमीजास्त करतो. पण आतलं झिर्कोनियाचं सिरॅमिक सुमारे ३०० अंश तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून पोटात हिटर. घाटाच्या लांब उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय निघाला की इंधन बंद होतं, धूर निवतो. अशा वेळी हिटर नसेल तर सेन्सरही निवतो.

तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा बऱ्याच सेन्सरांत वायरींच्या आतूनच येते. त्यामुळे कनेक्टरात ग्रीस भरणं हा शहाणपणा नव्हे. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा बुडालेल्या गाड्यांच्या कनेक्टरांत गाळ बसला होता. तेव्हापासून मिस्त्री कनेक्टर उघडल्याशिवाय पार्ट मागवत नाहीत.

इथे कनेक्टर कोरडा, फ्यूज शाबूत, बारा व्होल्टही येत होते. मग मल्टिमीटर हिटरच्या दोन पांढऱ्या वायरींवर. काही ओहम दिसायला हवेत. काटा हललाच नाही. आता सेन्सर काढायला हरकत नव्हती.

पाइप कोमट असतानाच आट्यांवर गंज सोडवायचा स्प्रे मारला, वायर जाऊ शकेल अशा खाचेचा २२ नंबरचा सॉकेट घातला. बराच वेळ काही हललं नाही. मिस्त्रींनी झटका न देता दांडा धरून भार वाढवत नेला. आटे पाइपातच फाटले तर काम चौपट होतं. कर्र करून सुटला. नव्याच्या आट्यांवर पेस्ट कंपनीनेच लावलेली होती. टोकाला बोट लागू न देता हातानेच पहिले आटे घेतले, मग पाना.

"मागचाही बदलून टाका की," मालक म्हणाले.

"तो चांगलाय. कन्व्हर्टर नीट चालतो का, एवढंच तो बघतो. उगाच खर्च कशाला?"

कोड पुसला. इंजिन तापल्यावर स्कॅनरच्या पडद्यावर व्होल्टेज वरखाली नाचू लागलं. तरी मिस्त्रींनी चावी मागितली. पिकअप कळायला चढ हवा, म्हणून बोगदा टाळून कशेडीच्या जुन्या घाटाने एक फेरी मारायला ते स्वतःच निघाले.